एका 'हम'चे चार शब्द: माझा पीएचडीचा अनुभव

व्हायवा झाला एकदाचा, म्हणून आता सविस्तर लिहिते, लिंग्विस्टिक्सकडे (भाषाशास्त्राकडे) वळणाऱ्या इथल्या मुलांना उपयोग होईल.

मी इंदूरची, रामबागेत वाढले, घरात मराठी आणि फाटकाबाहेर पडलं की हिंदी. बी.एस्सी. नंतर पुण्याला डेक्कन कॉलेजला एम.ए. केलं, मग नेटची परीक्षा, पहिल्यांदा तिच्यातली जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) थोडक्यात हुकली, दुसऱ्यांदा मिळाली. तो भाग फार अवघड नाही, फोनेटिक्सचा सराव आणि जुने पेपर सोडवले की जमतं.

मला ओढलं ते जोहाना निकल्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंच्या कामाने. शब्द जुळवून भाषांची नाती शोधायची पद्धत साधारण आठ-दहा हजार वर्षांमागे चालत नाही, तोवर शब्द पार बदलून गेलेले असतात. त्या स्वतः कॉकेससमधल्या इंगुश आणि चेचेन भाषांवर वर्षानुवर्षं बसलेल्या, आणि 1992 च्या पुस्तकात त्यांनी जगभरातल्या 174 भाषांची, शब्द बाजूला ठेवून, नुसती व्याकरणाची ठेवण बघितली, की कुठलं वैशिष्ट्य कुठल्या भागात दाटलंय आणि त्यावरून माणसं कशी पसरली असतील. त्यात 'आपण' (ऐकणारा धरून) आणि 'आम्ही' (ऐकणारा सोडून) वेगळे आहेत का हाही एक मुद्दा. युरोपात हा भेद जवळजवळ नाहीच, पूर्वेला पॅसिफिककडे जावं तसा वाढत जातो. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, आईच्या तोंडचे रोजचे दोन शब्द आणि त्याचा केवढा मोठा नकाशा!

पीएचडीला कोरकू ही आदिवासी भाषा घेतली. मुंडा कुळातली (संथाली, मुंडारी ज्यात येतात त्या) सगळ्यात पश्चिमेकडची भाषा, 2011 च्या जनगणनेत सव्वासात लाखांवर बोलणारे, आणि आपल्या इंदूरहून बसने खंडवा, तिथून खालवा, म्हणजे दाराशीच. मी सगळे प्रश्न शुद्ध हिंदीत लिहून नेले. "हम कल बाज़ार जाएँगे" याला कोरकूत काय म्हणता, असं. प्रत्येकजण 'हम'ला वेगळाच शब्द सांगायचा, एकच माणूस सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा. मी वहीत 'बोलीभेद' लिहून पुढे गेले. दोन ट्रिपा अशाच गेल्या.

तिसऱ्या ट्रिपेत एक आजी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होत्या, हात न थांबवता त्यांनी मलाच विचारलं, "हम मतलब? तू भी चलेगी क्या?"

मी रेकॉर्डर बंद केला आणि नुसती बसून राहिले. हा भेद माझ्या मराठीत आहे, इंदुरी हिंदीतसुद्धा 'अपन' आहे, आणि मी मात्र असा प्रश्न घेऊन आले ज्यात तो बसूच शकत नाही. कोरकूत तर द्विवचनही आहे, म्हणजे तू आणि मी, तो आणि मी, आपण सगळे, आम्ही सगळे, एका 'हम'चे चार शब्द, आणि लोक मला पहिल्या दिवसापासून बरोबरच सांगत होते.

मग सगळं परत केलं. वाक्यांचं भाषांतर मागणं सोडलं, दोघातिघांना समोर बसवायचं, एकाला लांब उभं करायचं, कोण बाजारात जाणार ते बोटाने दाखवायचं आणि मग बोलायला सांगायचं. यात वर्ष गेलं, मध्ये फेलोशिपचे पैसे सात महिने अडकले, तेव्हा घरी ट्यूशन घेतल्या.

व्हायवात नेमकं हेच विचारलं, संस्कृतात हा भेद नाही मग मराठीत कुठून आला. गुजरातीतही आहे, आपणे आणि अमे, द्रविड भाषांत तो पक्का आहे, तमिळमध्ये नाम आणि नांगळ, म्हणून द्रविड शेजारातून आला असं मानतात, हे सांगितलं. पण माझं मत असं की कोरकूसारखे मुंडा शेजारीही हिशेबात धरायला हवेत, त्यावर बराच वेळ चर्चा झाली.

आता नोकरीचे अर्ज चालू आहेत. मार्चमध्ये मोहाच्या वेळी परत खालव्याला जाईन, द्विवचनाचं काम अजून अर्धंच झालंय आणि आजींना त्यांचं रेकॉर्डिंग ऐकवायचं राहिलंय.