कॉलनीची ओपन स्पेस वाचवताना

नाशिकमध्ये इंदिरानगरच्या बाजूला आमची कॉलनी आहे आणि तिच्या मधोमध एक मोकळी जागा. तिथं सभागृह बांधायचं घाटतंय असं कळलं. हेतू चांगलाच होता, साखरपुडा-बारशाला हॉलचं भाडं परवडत नाही हे खरंच आहे. पण कच्च्या आराखड्यात निम्म्याहून जास्त जागा इमारतीखाली जात होती, आणि आमच्या मुलांना खेळायला जवळपास दुसरं मैदान नाही. मी कागदपत्रं गोळा करायला लागले.

महापालिकेच्या राजीव गांधी भवनातल्या नगररचना विभागात गेले, तर तिथल्या सर्व्हेअरनं आधी विचारलं, "ताई, हे आरक्षण आहे की ले-आउटची ओपन स्पेस?" सगळी मेख इथंच आहे. विकास आराखड्यात उद्यान किंवा मैदान म्हणून आरक्षित केलेली जमीन महापालिकेला मोबदला किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, देऊन ताब्यात घ्यावी लागते. ओपन स्पेसचं तसं नाही. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा ले-आउट पाडायचा, म्हणजे तिचे प्लॉट पाडायचे, तर १० टक्के जागा मोकळी सोडावीच लागते आणि तिच्यावर सगळ्या प्लॉटधारकांचा सामाईक हक्क असतो. २०१७ साली मंजूर झालेल्या आराखड्याचा भाग नकाशा काढला. आमच्या जागेवर आरक्षण नव्हतं, म्हणजे ती आमचीच ओपन स्पेस.

मग अंतिम मंजूर ले-आउटची प्रत हवी होती. माहिती अधिकारात अर्ज केला, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तराची मुदत ३० दिवसांची, त्याआधीच नकाशा हातात आला. कागद पिवळट, पण हद्दी स्पष्ट होत्या.

मला सगळ्यात उपयोगी पडला तो २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतला नियम. ओपन स्पेसवर एकूण बांधकाम १५ टक्क्यांपर्यंतच करता येतं, आणि त्यातही तळमजल्यावर १० टक्क्यांच्या वर नाही. म्हणजे जागा दोन हजार चौरस मीटर असेल, तर तळमजला दोनशे मीटरचा आणि सगळं मिळून तीनशे. कॉलनीच्या बैठकीत मी फळ्यावर हाच हिशेब मांडला. त्याआधी तासभर आवाज चढले होते. एक निवृत्त ओव्हरसियर काका उठले, नकाशावर पट्टी ठेवून मोजलं आणि म्हणाले, "हॉल बसत नाही. अभ्यासिका बसेल." हॉलचा आग्रह धरणाऱ्यांनाही ते पटलं. दहावी-बारावीची पोरं घरोघरी आहेत.

पूर्वी असं काही असलं की लोक नगरसेवकाकडे जायचे. मार्च २०२२ पासून महापालिकेत प्रशासक होते, नगरसेवकच नव्हते, त्यामुळे निवेदन आम्हीच लिहिलं. सोबत ले-आउटची प्रत, नियमाचं पान आणि सह्या जोडल्या. विभागीय कार्यालयात देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायलाच हवा, कारण पुढं विचारायला गेलं की पहिल्यांदा तोच मागतात.

आता प्रस्ताव कोपऱ्यातल्या छोट्या अभ्यासिकेचा आहे, बाकी मैदान तसंच राहील. सातबाऱ्यावर मात्र अजून मूळ जमीनमालकाचं नाव आहे. मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज दिलाय, आणि प्लॉटधारकांची यादी सध्या काका तयार करतायत.