बी४५० टोमाहॉक मॅक्स: २६०० काढून ५६००, आधी बायोसचं काम

मदरबोर्ड एमएसआयचा बी४५० टोमाहॉक मॅक्स, त्यावर रायझन ५ २६०० हा प्रोसेसर आणि जुना बायोस (मशीन सुरू करणारं, बोर्डावरच्या चिपमधलं सॉफ्टवेअर). बसवायचाय रायझन ५ ५६००. बोर्ड २०१९ चा, प्रोसेसर एप्रिल २०२२ चा. जुन्या बायोसवर तो तसाच बसवला तर पंखे फिरतील, पण पडद्यावर काही उमटणार नाही. म्हणून २६०० जागेवर असतानाच बायोस उरकायचा.

बोर्ड ओळखताना घाई नको. विंडोज आणि आर दाबून एमएसइन्फो३२ चालवलं की ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’च्या ओळीत नाव दिसतं. लिनक्सवर हेच काम डीएमआयडीकोड ही कमांड करते. जुन्या लेखांतली डब्ल्यूएमआयसी कमांड नव्या विंडोज ११ वर सापडेलच असं नाही.

नावापुढे एमएस-७सी०२ दिसलं म्हणून लगेच फाइल उतरवू नका. साधा टोमाहॉक, मॅक्स आणि मॅक्स टू, तिघांचाही क्रमांक हाच. खरा फरक बायोसच्या चिपमध्ये आहे: साध्यावर १६ एमबी, मॅक्सवर ३२. सध्याच्या बायोसची आवृत्ती १ ने सुरू होत असेल तर बोर्ड साधा, ३ ने असेल तर मॅक्स, एच असेल तर मॅक्स टू. झिपच्या नावातही व्ही१, व्ही३, व्हीएच असंच चालतं. आतली फाइल मात्र ई७सी०२एएमएस याच नावाची, वेगळं असतं ते फक्त एक्स्टेंशन. डाउनलोड फोल्डरात अशा दोन-तीन फायली जमल्या की घोळ ठरलेला, तेव्हा नको त्या आधीच उडवा. (साध्या टोमाहॉकवर नव्या बायोसनंतर रंगीत स्क्रीन जाऊन जीएसई लाइट या हलक्या आवृत्तीचा साधा मेनू येतो. बिघाड नाही तो, १६ एमबीत जागाच पुरत नाही.)

कोणती आवृत्ती घ्यायची ते बोर्डाच्या सपोर्ट पानावरच्या प्रोसेसर यादीत बघायचं. ५६०० समोर किमान आवृत्ती दिलेली असते. तिच्यापुढची, बीटा नसलेली ताजी आवृत्ती घ्यावी.

फ्लॅश केल्यावर, म्हणजे नवा बायोस चिपवर लिहिल्यावर, सेटिंग्ज मूळ पदावर जातात: ए-एक्सएमपी (रॅमचा वेग), पंख्यांचे कर्व्ह, एसव्हीएम (व्हर्च्युअल मशीनसाठीची सोय), रेड (अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या) असेल तर साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, मोड. बायोसमध्ये एफ१२ दाबलं की स्क्रीनचा फोटो फॅट३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर उतरतो. सगळी पानं अशी टिपून ठेवा, कारण सेव्ह केलेलं जुनं प्रोफाइल नव्या आवृत्तीवर चालेलच याचा भरवसा नाही.

बिटलॉकरकडे, म्हणजे विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीकडे, सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. विंडोज होमवरही ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ गुपचूप चालू असू शकतं. ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर किंवा फोनवर घ्या आणि बिटलॉकर सस्पेंड करा. सस्पेंड साधारणपणे एकाच रीस्टार्टपुरतं टिकतं, म्हणून बायोसआधी एकदा आणि प्रोसेसर बदलण्याआधी पुन्हा एकदा.

प्रत्यक्ष फ्लॅश सोपा. डिलीट दाबून बायोस, तिथून एम-फ्लॅश, फाइल निवडा, काही मिनिटं हात लावू नका. मशीन यूपीएसवर हवं. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. विंडोजमधून फ्लॅश करणाऱ्या सॉफ्टवेअरची सोय दिसते खरी, पण मधेच विंडोज अडकलं तर बोर्ड जातो. ते टाळलेलंच बरं.

बोर्ड मेलाच, तर मागच्या पॅनेलवर फ्लॅश बायोस बटण आहे. प्रोसेसर, रॅम नसले तरी चालतं. २४ पिनची आणि प्रोसेसरची ८ पिनची वायर मात्र लागते. फॅट३२ पेनड्राइव्हवर फाइलचं नाव एमएसआय.रॉम असं पूर्ण बदलायचं, जुनं एक्स्टेंशन शेपटीला राहू द्यायचं नाही. पेनड्राइव्ह खूण केलेल्या यूएसबी पोर्टातच. दिवा थोडा लुकलुकून लगेच थांबला तर नाव, फॉरमॅट किंवा पोर्ट चुकलंय.

त्यानेही भागलं नाही तर प्रोग्रामर (चिपवर थेट बायोस लिहिणारं उपकरण) आणि चिपला लावायची क्लिप. पण चिपवरचा नंबर आधी वाचा: विनबाँडच्या नंबरात एफडब्ल्यू किंवा जेडब्ल्यू असेल, किंवा मॅक्रोनिक्सच्या नंबरात २५यू असेल, तर ती १.८ व्होल्टची चिप. सीएच३४१ए हा प्रोग्रामर तिला थेट लावला तर चिप जळू शकते, मधे १.८ व्होल्टचा अडॅप्टर हवाच.

पुढचा टप्पा प्रोसेसर. काढण्याआधी मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट गरम करा आणि कूलर फिरवून सोडवा, सरळ ओढलात तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. ५६०० बसवल्यावर एफटीपीएम (प्रोसेसरमधली किल्ल्या जपणारी सुरक्षा-सोय) चालू असेल तर वाय की एन असा प्रश्न पडद्यावर येतो. वाय म्हणजे त्यातल्या जुन्या किल्ल्या पुसणार. बिटलॉकर सस्पेंड असेल आणि रिकव्हरी की हाताशी असेल तर वाय, नाहीतर एन दाबून २६०० परत लावा. विंडोजचा पिन मात्र नव्याने घ्यावा लागतो. पहिल्या बूटला रॅमचं ट्रेनिंग (प्रोसेसरशी जुळवाजुळव) चालतं, स्क्रीन बराच वेळ काळी राहते. तेवढ्यात पॉवर बंद करू नका. ए-एक्सएमपी त्यानंतर.