बागुलबुवाला पोहे

आमच्या रामबागेतल्या घरी लाइट गेली की नात माझ्या पदराला चिकटायची. माळ्यावर बागुलबुवा बसलाय, असं कोणीतरी तिच्या डोक्यात भरवलेलं. "जेव, नाहीतर तो येईल" हे मला मुळीच पटत नाही. चार वर्षांच्या लेकराला भीती घालून घास का भरवायचा?

मग मी मॉरिस सेंडॅकचं १९६३ सालचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ हे मुलांचं चित्रपुस्तक आणलं. त्यातल्या राक्षसी प्राण्यांचे अक्राळविक्राळ दात, पिवळे डोळे. पण गोष्टीतल्या छोट्या मॅक्सने पापणी न हलवता रोखून पाहिलं की सगळे गप्प! सेंडॅकला आधी घोडे काढायचे होते. ते जमेनात, म्हणून हे प्राणी आले, आणि त्यांच्यात उतरले त्याच्या लहानपणी घरी येणारे, गाल ओढणारे नातेवाईक. किती खरं आहे हे!

मी मराठीतून सांगत जाते. ती मुखपृष्ठावरच अडते. शिंगवाल्याच्या पायांवर बोट ठेवून म्हणते, "आजी, याचे पाय बघ, आबांसारखे!" आणि खिदळते. दहादा तेच.

काल रात्री पुन्हा लाइट गेली. ती माळ्याकडे बघून म्हणाली, "खाली ये रे, पोह्यांवर शेव घालून देते."