गाडीपेक्षा आखूड फलाट

जपानमधल्या एनोदेन या छोट्या रेल्वेवर कोशिगोए स्टेशन यायच्या आधी गाडीत सूचना होते: एका टोकाच्या डब्याची दारं इथे उघडणार नाहीत, उतरायचं असेल तर शेजारच्या डब्यात सरका. रोजचा प्रवासी ती ऐकतही नाही, तो कामाकुराला चढतानाच योग्य डबा धरतो. नवखा मात्र बंद दारापुढे पिशवी सावरत उभा राहतो. गाडी थांबते, दार ढिम्म हलत नाही आणि तोवर गाडी सुटलेली असते. सुदैवाने पुढचं एनोशिमा स्टेशन फक्त 600 मीटरवर आहे. मुकाट्याने मागे चालत यायचं.

कारण साधं आहे. फलाट तीन डब्यांचा आणि गाडी चारची. फलाट वाढवावा, तर दोन्ही अंगांनी रस्ते आणि घरं खेटून बसलेली. चार डबे म्हणजे तरी किती, सगळी गाडी सुमारे 50 मीटर. मुंबईच्या लोकलचे जेमतेम अडीच डबे झाले. तेवढीही जागा कोशिगोएला नाही.

हा एनोदेनचा मार्ग. कामाकुरा ते फुजिसावा, एकूण 10 किलोमीटर, 15 स्टेशनं. पहिला तुकडा 1902 साली सुरू झाला, 1910 पर्यंत गाडी कामाकुरात पोचली. तेव्हा ती ट्रामसारखीच होती आणि तो स्वभाव अजून गेलेला नाही. कोशिगोए आणि एनोशिमाच्या मध्ये रूळ सरळ बाजारातल्या रस्त्यात उतरतात. दोन्हीकडे दुकानं, मधून गाडी, आणि मोटारींनी कडेला होऊन वाट द्यायची. कोशिगोए हे मासेमारीचं बंदर, इथली शिरासु म्हणजे बोटाच्या पेराएवढी पांढरी मासळी प्रसिद्ध. मासळीची पिशवी घेऊन निघालेल्या आजीबाईंच्या शेजारून आगगाडी जाते, आणि दोघींनाही त्यात काही विशेष वाटत नाही.

त्याच रस्त्यात एक वळण आहे, त्रिज्या 28 मीटर. आगगाडीच्या हिशेबात हा जवळजवळ काटकोनच. नेहमीचे लांब डबे इथे वळणारच नाहीत. म्हणून एनोदेनचे डबे तोकडे, साधारण 12 मीटरचे, आणि दोन-दोन डब्यांची जोडी. जोडीला चार नाही, तीनच बोगी, म्हणजे डब्याखालचे चाकांचे गाडे: दोन टोकांना एकेक आणि मधली दोन्ही डब्यांत सामायिक. वळणावर जोडी कोपरातून हात दुमडावा तशी दुमडते.

पण एनोदेनची खरी गंमत वेळापत्रकात आहे. सगळ्या मार्गावर रुळांची एकच जोडी, जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या तिच्यावरूनच. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायच्या जागा पाच: कुगेनुमा, एनोशिमा, मिनेगाहारा, इनामुरागासाकी आणि हासे. बरीच वर्षं दर 12 मिनिटांनी गाडी सुटत असे. म्हणजे दर 6 मिनिटांनी समोरच्या गाडीशी गाठ, आणि ती या पाचांपैकीच एका जागी पडली पाहिजे. हासेला बुद्ध बघायला निघालेल्या गर्दीला उतरायला एक मिनिट जास्त लागलं, की समोरची गाडी तिथेच खोळंबते, तिच्यामुळे पुढच्या ठिकाणी तिसरी. उशीर असा एकमेकींच्या गळ्यात पडत दोन्ही टोकांपर्यंत जातो.

म्हणून मार्च 2023 मध्ये 12 ची 14 मिनिटं केली. थोडी उसंत मिळाली, पण एक चांगली गोष्ट हातची गेली. 60 ला 12 ने नि:शेष भाग जातो, त्यामुळे आपल्या स्टेशनावरचे मिनिटांचे पाच आकडे एकदा पाठ केले की दिवसभर पुरायचे. 14 ने भाग जात नाही. आता प्रत्येक तासाचा आकडा वेगळा, आणि भिंतीवरचा तक्ता बघितल्याशिवाय सुटका नाही. मला विचाराल तर हा तोटा फायद्याच्या तोडीचा आहे.

गर्दी अर्थातच पाहुण्यांची. गोल्डन वीकच्या सुट्ट्यांत कामाकुरा स्टेशनाबाहेर इतकी रांग लागते, की मार्गावरच्या रहिवाशांना प्रमाणपत्र देऊन रांग टाळून आत सोडण्याचा प्रयोग पालिकेने केला. घरी जायला दाखला!

कर्मचारी नसलेल्या छोट्या स्टेशनांवर आडवं येणारं फाटक नसतं, नुसते प्रवासाचं कार्ड टेकवायचे खांब असतात. आत शिरतानाचा वेगळा, बाहेर पडतानाचा वेगळा. हटकणारं कुणी नसल्याने उतरताना कार्ड टेकवायचं राहून जातं, आणि कार्डाच्या लेखी तुम्ही अजून प्रवासातच असता. दुसऱ्या दिवशी मोठ्या स्टेशनावर फाटक तोंडावर बंद होतं. मग खिडकीवर जायचं, काल कुठे उतरलो ते सांगायचं, भाडं वळतं करून नोंद मिटवून घ्यायची. पाच मिनिटांचं काम, पण ते नेमकं घाईच्या वेळी निघतं.

वाट देण्याच्या त्या पाचांपैकी मिनेगाहारा नकाशावर शोधू नका, ते स्टेशनच नाही. कामाकुराकोकोमाए आणि शिचिरिगाहामाच्या मध्ये रूळ थोडा वेळ दुहेरी होतात, एवढंच. गाडी थांबते, दारं बंदच राहतात. कुणी पाहुणा उठून दाराशी जातो, बाहेर फलाट नाही असं पाहून पुन्हा बसतो. मग शेजारून दुसरी हिरवी गाडी खडखडत जाते, आणि आपली हलते.