लस हडपसरची, दंड स्विंडनचा

गुरुवारी रात्री धाकट्या भावाचा मेसेज आला, "अभिनंदन! आई-बाबांनी लस घेतली."

दोघांचे कोव्हिशील्डचे (ऑक्सफर्डच्या कोविड लशीचं भारतातलं नाव) दोन्ही डोस होऊन चार महिने झाले. पण ब्रिटनच्या दरबारी ते 'लसवंत' ठरले ते आत्ता, ७ ऑक्टोबर २०२१ला. अंमल सोमवारपासून, म्हणजे ११ तारखेपासून. त्याआधी विमानातून उतरले असते तर इथे इंग्लंडात, स्विंडनला, आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत दहा दिवस कोंडून घ्यायचं, दुसऱ्या आणि आठव्या दिवशी नाकात काडी घालून घ्यायची, आणि तेही लस न घेतलेले म्हणून. बाबांचं वय ७२. कंपनीच्या बसला हात करून ज्या रस्त्यावरून त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली, त्याच रस्त्यावर पुढे सीरम इन्स्टिट्यूटमध्ये २०२१ साली ही लस तयार होत होती.

गेले तीन आठवडे माझं डोकं या एका गोष्टीनं फिरलं होतं. बायकोनं घरात 'कोव्हिशील्ड' शब्दावर बंदी घातली होती. म्हणून इथे लिहितोय.

सुरुवात मार्चपासून करावी लागेल. मला मधुमेह आहे. (आई म्हणते, "इंग्लंडच्या बटाट्यांनी झाला." तो हडपसरहून घेऊन आलो होतो हे तिला मान्य नाही.) इथल्या यादीत मधुमेही सहाव्या गटात, त्यामुळे ४४व्या वर्षी पन्नाशीच्या लोकांच्याही आधी माझा नंबर लागला. या आजाराचा आयुष्यात झालेला हा पहिला उपयोग. मोबाइलवर मेसेज, त्यात लिंक, तारीख निवडा, वेळ निवडा. दोन मिनिटांत काम झालं आणि मी उगाच पुन्हा एकदा लॉग-इन करून पाहिलं, खरंच झालंय का म्हणून.

केंद्र होतं स्टीम म्युझियममध्ये. स्विंडन हे मुळात रेल्वेचं गाव. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या जुन्या कारखान्यातच ते संग्रहालय आहे. पार्किंगमध्ये पिवळं जाकीट घालून गाड्या लावून घेणारा स्वयंसेवक माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "गोंयचो?" स्विंडनमध्ये गोंयकार पुष्कळ, बहुतेक पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले. "नाही, पुण्याचा," म्हटल्यावर थोडा हिरमुसला, पण जागा दारासमोरची दिली. शेजारधर्म.

आत एक निवृत्त नर्सबाई होत्या. सत्तरीच्या असाव्यात. त्यांनी माझं नाव तीनदा विचारून चौथ्यांदा बरोबर उच्चारलं. मग विचारलं, "डावखुरे आहात का?" मी आहे. "मग उजव्या हातात देते, दोन दिवस हात दुखेल, लिहायची पंचाईत नको." एवढंच. पण मला हे इतकं भिडलं की मी ते त्या दिवशी चार जणांना फोनवर सांगितलं. शाळेत याच डाव्या हातावर पट्ट्या खाल्ल्यात हो मी! आणि इथे एक परकी बाई, दिवसाला शेकडो दंड बघणारी, त्या हाताची अडचण आपण होऊन विचारते. डाव्या दंडावरचा बीसीजीचा वण मी त्यांना दाखवला तर त्यांनी बाही वर करून स्वतःचा दाखवला. त्यांच्याकडे तो शाळेत बारा-तेराव्या वर्षी टोचायचे. वर "माझा मोठा आहे" असंही म्हणाल्या.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "उजव्या हातात? मग काहीतरी चुकलं असेल. आमच्याकडे सगळ्यांना डाव्यातच देतात."

आईनं पहिला डोस माझ्यानंतर दोन दिवसांनी घेतला. साठीच्या पुढच्यांना १ मार्चपासून सुरू झालंच होतं. जवळच्या दवाखान्यात भाऊ दोघांना घेऊन गेला, तासाभरात परत. तेव्हा मी उगाच मोठेपणा करत सांगितलं होतं, की आमच्याकडे दोन डोसमध्ये बारा आठवडे ठेवतात, अभ्यास करून ठरवलंय, तुमच्याकडे चारच आठवडे म्हणजे घाई आहे. आई म्हणाली, "तुमच्याकडे म्हणजे? लस आमच्याकडची."

मला वाटलं, ती अशीच बोलतेय. अभिमानानं. सीरमच्या मांजरी इथल्या प्रकल्पाला २१ जानेवारीला आग लागली तेव्हा तिनं गच्चीवरून धूर पाहिला होता. पाच कामगार गेले त्यात. तेव्हापासून ती लस म्हणजे तिला घरचीच गोष्ट वाटायची.

एप्रिलबद्दल मी फार लिहिणार नाही. पुण्यात काय चाललं होतं ते तुम्ही तिथे बसून पाहिलंत, मी इथे बसून. माझा आतेभाऊ गेला. ४३ वर्षांचा. तेव्हा तिथे लस पंचेचाळीसच्या पुढे होती. मी त्याच्यापेक्षा एका वर्षानं मोठा. पुण्यात असतो तर माझाही नंबर लागला नसता.

मग मे. आईच्या दुसऱ्या डोसचे आठ आठवडे (चाराचे तोवर आठ झाले होते) भरले त्या सुमारास भाऊ पहाटे पाचला जाऊन रांगेत उभा राहायचा आणि साडेनऊला 'लस उपलब्ध नाही'ची पाटी बघून परत यायचा. तिसऱ्या खेपेला टोकन मिळालं, आई-बाबांना रिक्षानं बोलावलं, तर सांगण्यात आलं की नियम बदललाय, पहिल्या डोसनंतर ८४ दिवसांनी या. १३ मेला भारतानं अंतर बारा ते सोळा आठवडे केलं. आणि १४ मेला, बरोबर दुसऱ्या दिवशी, ब्रिटननं आमच्यासारख्या आजारवाल्यांचं अंतर बारावरून आठ आठवड्यांवर आणलं. कारण? भारतातून आलेला नवा अवतार. डेल्टा हे नाव त्याला मे महिन्याच्या शेवटी मिळालं, तोवर इथली वर्तमानपत्रं त्याला सरळ 'इंडियन व्हेरियंट' म्हणत होती. आणि ऑफिसातला एक जण माझ्याशी बोलताना खुर्ची किंचित मागे घ्यायचा. मी गेल्या दोन वर्षांत भारतात पाऊल ठेवलं नव्हतं. हे त्याला सांगितलं, आणि सांगितल्याचा मलाच राग आला. मी का सांगावं?

तर त्या 'इंडियन' विषाणूच्या भीतीनं मला दुसरा डोस तीन आठवडे आधी मिळाला, आणि आईचा महिनाभर लांबला. १० जूनला झाला एकदाचा.

आता खरी गोष्ट. जुलैमध्ये इथे बातमी आली की माल्टाला सुट्टीवर निघालेल्या काही ब्रिटिश लोकांना मँचेस्टरच्या विमानतळावरच अडवलं. त्यांच्या लशीचा बॅच नंबर भारतात तयार झालेल्या मालाचा निघाला, आणि युरोपच्या नियामकानं तो कारखाना अजून मान्य केलेला नव्हता. आपलं कार्ड तपासा, नंबर '४१२०झेड'नं सुरू होत असेल तर ती भारतातली, असं सगळीकडे छापून आलं. ब्रिटननं सीरमकडे एक कोटी डोस मागितले होते, त्यातले पन्नास लाख मार्चमध्ये येऊन पोचले. उरलेले आलेच नाहीत, कारण मग भारतानं निर्यातच रोखली.

माझं कार्ड स्वयंपाकघराच्या खणात होतं, रबरबँड आणि टेक-अवेच्या मेनूंच्या खाली. पहिला डोस : ४१२०झेड००३.

म्हणजे आईचं बरोबर होतं. लस तिच्याकडचीच. तिच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर भरलेली कुपी विमानात बसून, अर्धं जग ओलांडून, रेल्वेच्या कारखान्यात माझ्या उजव्या दंडात शिरली होती.

मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. मला वाटलं गंमत होईल. भावानं लिहिलं, "आमच्या वाटणीची घेतलीस होय." पुढे हसणारा चेहरा होता. पण तो मी झोपायच्या आधी दोनदा उघडून पाहिला.

आता यावर माझ्याकडे उत्तरं आहेत. भरपूर आहेत. एक तर मी मागून घेतली नाही, जी समोर आली ती घेतली. दुसरं, संशोधन ऑक्सफर्डचं, पैसे इथल्या सरकारचे, करार आधीचा. तिसरं, मार्चमध्ये पुण्यात लस होती. आईला तासाभरात मिळालीच की! तुटवडा नंतरचा. चौथं, सीरमचा माल तेव्हा कितीतरी देशांत जात होता आणि आपण सगळे त्याबद्दल कॉलर ताठ करत होतो. ही सगळी उत्तरं मी आंघोळ करताना भावाला दिलेली आहेत. फोनवर एकही दिलं नाही.

आणि एवढं सगळं झाल्यावर सप्टेंबरात ब्रिटनचा हा प्रवाशांसाठीचा नवा नियम आला. आधी मान्य लशींच्या यादीत कोव्हिशील्डचं नावच नाही. आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी न्यूयॉर्कमध्ये इथल्या परराष्ट्रमंत्र्यांकडे विषय काढला, तेव्हा २२ तारखेला लशीचं नाव आलं, पण देशाच्या यादीत भारत नाही. म्हणजे कुपी मान्य, पण हडपसरात टोचली तर अमान्य. सुईनं पासपोर्ट बदलला की काय? म्हणे आक्षेप लशीवर नाही, प्रमाणपत्रावर आहे.

प्रमाणपत्रावर! माझं कार्ड बघाल तर हसाल. व्हिजिटिंग कार्डाएवढा पुठ्ठा, त्यावर नर्सबाईंनी बॉलपेननं लिहिलेली तारीख आणि बॅच. माझ्या आडनावात एक अक्षर कमी. शिक्का नाही, सही नाही. आईच्या कोविनच्या कागदावर क्यूआर कोड आहे, आधारचे आकडे आहेत, पंतप्रधानांचा फोटोसुद्धा आहे. आणखी काय हवं, कुंडली? तर हो, कुंडलीच हवी होती, पूर्ण जन्मतारीख. कोविनवर नुसतं वय असायचं, मग परदेशी जाणाऱ्यांसाठी तारीख टाकायची सोय आली. बायको म्हणते, इथे ॲपवर बारकोड असतो, कार्ड कुणी मागत नाही, तू मुद्दाम कार्डाशी तुलना करतोयस. बरोबर आहे तिचं. मी मुद्दामच करतोय.

१ ऑक्टोबरला भारतानं जशास तसं केलं : ब्रिटिश नागरिक आला की दोन डोस असोत नाहीतर चार, दहा दिवस विलगीकरण. मी टाळी वाजवली, अक्षरशः, एकटाच, स्वयंपाकघरात. मस्त जिरवली! ऑफिसातल्या त्या खुर्चीवाल्याला सांगायला पाहिजे, असं मनात आलं. बायको भांडी लावत होती. म्हणाली, "तुझा पासपोर्ट कुठला आहे?"

२०१६ सालीच मी तो बदलला आहे. म्हणजे मी हडपसरला गेलो तर माझ्याच घरात, माझ्याच पलंगावर, दहा दिवस कोंडून. आणि ते स्विंडनला आले तर माझ्या घरात दहा दिवस कोंडून. चौघांच्याही अंगात दोन-दोन डोस. (बायको चाळिशीच्या आतली म्हणून तिला फायझर. त्यामुळे या सगळ्या भांडणात ती तटस्थ राष्ट्र.)

ऑक्टोबर २०२१मध्ये मी हा मजकूर लिहितोय तोवर ब्रिटनचा अडसर निघाला आहे, भारताचा आहे तसा आहे. त्यामुळे या दिवाळीला ते दोघं येणार, मी जाणार नाही. लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला, तिकिटं २८ ऑक्टोबरची. चकलीची भाजणी विमानात चालते का, हा प्रश्न आईनं आत्तापर्यंत पाच वेळा विचारलाय. दुसऱ्या दिवसाची चाचणी लसवंतांनाही आहेच, ती मी ऑनलाइन विकत घेऊन ठेवणार आहे. फुकट लस देणारा देश नाकातल्या काडीचे पैसे घेतो. पण ते जाऊ दे.

काल व्हिडिओ कॉलवर कागदपत्रं तपासली. भावानं कोविनवर पासपोर्ट जोडून, जन्मतारखा टाकून नवी प्रमाणपत्रं काढली होती. इथे येण्याआधी भरायचा फॉर्म मी वाचून दाखवत होतो, आई चष्मा लावून कागदावर बोट फिरवत होती. लशीचं नाव, तारखा, देश.

"आणि हात?" तिनं विचारलं.

"कुठला हात?"

"कुठल्या हातात घेतली ते विचारत नाहीत ना? आम्ही आपली डाव्यातच घेतलीये."