पाणी दारातून नाही, संडासातून आलं

१२ जुलै २०२१ च्या संध्याकाळी पश्चिम लंडनवर असा काही पाऊस कोसळला की नॉटिंग हिलच्या पायथ्याची तळघरं भरली. पुढचे कित्येक आठवडे मी दुसरं काही केलंच नाही. विमा कंपनी देईल त्या पत्त्यावर जायचं, ड्रेनेजचं झाकण उघडायचं, पाईपात कॅमेरा सोडायचा आणि पाणी कुठून आलं ते लिहून द्यायचं. वॉल्मर रोडजवळचं एक घर मात्र अजून डोक्यातून जात नाही.

रस्त्यावरून पायऱ्या उतरून जायचं तळघर. भाडेकरू बाई सत्तरीच्या. कार्पेट उचकटून टाकलेलं, जमिनीला ब्लीच मारलेलं, तरी वास होताच. घरमालकाचं म्हणणं, बाईंनीच संडासात वाइप्स कोंबले असणार. बाई एकच सांगत होत्या, "दारातून थेंब आला नाही. आधी संडास गुरगुरला, मग शॉवरच्या जाळीतून काळं पाणी वर आलं."

गुरगुरला म्हटल्यावर मी कान टवकारले. मुख्य गटार भरायला लागलं की पाईपातली हवा आधी बाहेर रेटली जाते आणि ती संडासाच्या भांड्यातल्या पाण्यातून बुडबुडत निघते.

पुढच्या अंगणातलं झाकण काढलं. चेंबरच्या विटांवर, पाईपाच्या तोंडाच्या बऱ्याच वर, टॉयलेट पेपरच्या वाळलेल्या चिंध्या एका सरळ रेघेत चिकटल्या होत्या. पण एवढ्याने काही सिद्ध होत नाही, घरची लाईन तुंबली असती तरी चेंबर भरलंच असतं. म्हणून कॅमेरा थेट रस्त्याखालच्या गटाराच्या जोडापर्यंत नेला. वाटेत वाइप्स नाहीत, मुळं नाहीत, पाईप स्वच्छ. परवानगी काढून ठेवली होती, म्हणून रस्त्यातलं मॅनहोलही उघडलं. आत तशीच रेघ. लेव्हल लावून पाहिली तर भिंतीच्या प्लास्टरवरचा डाग, चेंबरमधली रेघ आणि मॅनहोलमधली रेघ तिन्ही एकाच पातळीवर. बाई खरं बोलत होत्या. सार्वजनिक गटार उलटं वाहून त्यांच्या घरात शिरलं होतं.

मी परळचा. हिंदमाताचं पाणी कमरेपर्यंत अनुभवलंय. ते निदान रस्त्यावरून, तोंड दाखवून येतं.

ही जागाच मुळात पाण्याची. खाली चिकणमाती, पाणी मुरत नाही. १८३७ मध्ये इथे घोड्यांच्या शर्यतींचं मैदान काढलं, ते या चिखलापायी काही वर्षांतच गुंडाळावं लागलं. त्याच मातीवर विटांच्या आणि कुंभारकामाच्या भट्ट्याही चालत. त्यांतली बाटलीच्या आकाराची एक भट्टी अजून वॉल्मर रोडवर उभी आहे. माती काढून झालेल्या खड्ड्यांत पाणी साचलं आणि शेजारी डुकरं पाळणाऱ्यांची वस्ती वाढली. श्रीमंतांच्या स्वयंपाकघरातलं खरकटं गाड्यांतून आणायचं, डुकरांना घालायचं, चरबी उकळून काढायची. १८४० च्या दशकाच्या शेवटी या 'पॉटरीज' वस्तीत साधारण १,००० माणसं आणि ३,००० डुकरं होती. गटार नव्हतंच, सगळी घाण खड्ड्यांत. त्यांतल्या मोठ्या डबक्याला लोक 'ओशन' म्हणत. १८४६ ते १८४८ या वर्षांत इथल्या मृतांचं सरासरी वय ११ वर्षं ७ महिने होतं, म्हणजे मरणाऱ्यांत बहुतेक लेकरंच. पुढे डबकी बुजवली आणि त्या भागात १८९२ मध्ये ॲव्हनडेल पार्क झाला.

१८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंट हैराण झालं आणि पुढच्याच वर्षी इंजिनिअर जोसेफ बॅझलजेटच्या मोठ्या गटारांचं काम सुरू झालं. विटांचं बांधकाम पाहिलं की आजही हात जोडावेसे वाटतात. पण त्या काळच्या पद्धतीप्रमाणे मैला आणि पाऊस एकाच नळात. या भागातून वाहणारी काउंटर्स क्रीक ही ओढ्याएवढी नदीसुद्धा जमिनीखालचं गटार होऊन बसली. वर अंगणं फरशीने मढली, तळघरांत कोळशाऐवजी माणसं झोपायला लागली आणि नळ तोच राहिला. व्हिक्टोरियन इंजिनिअरांना मी दोष देणार नाही. त्यांच्यानंतर दीडशे वर्षं वर बांधत गेलेल्यांना देईन.

रिपोर्टमध्ये लिहिलं: अडथळा नाही, मुख्य गटारातून उलटा प्रवाह, भाडेकरूची चूक नाही. बाईंनी ते वाक्य दोनदा वाचायला लावलं आणि घरमालकाला लगेच पाठवायला सांगितलं.

मग विचारलं, "पुन्हा होईल?"

होईल, म्हटलं. उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवता येतो, पण तो बंद असताना तुमच्या घरचंही पाणी बाहेर जात नाही. तेवढा वेळ ना फ्लश, ना अंघोळ. त्याच्यासोबत पंप हवा, जो घरचं पाणी दाबाने गटारात ढकलेल. त्यासाठी अंगण खणायचं, वीज द्यायची आणि घरमालकाची सही.

"तो देणार नाही," त्या म्हणाल्या.

शिफारशींत व्हॉल्व्हच्या आधी मी पंप लिहिला आणि खाली जोडलं की पंपाशिवाय हे तळघर राहायला देऊ नये. यावर घरमालकाचा फोन आमच्या ऑफिसात दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत आला.