नावाचंच दूध

"माका ताक नको गो, सांधे धरतत," म्हणत काकीने ताकाचं भांडं माझ्याकडे सरकवलं आणि सोलकढीची वाटी ओठांना लावली.

वेंगुर्ल्यात दुपारी जेवताना झालेलं एवढंच. पण डोक्यातून जाईना.

ताका-दह्याने सांध्यांना सूज येते हे मीही लहानपणापासून ऐकतेय. आतापर्यंतच्या अभ्यासांत मात्र बहुतेकांच्या बाबतीत तसं दिसत नाही. उलट दही-ताकाने दाह किंचित कमीच होतो असं काहींत आढळलंय. (ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी.) आणि सोलकढी? जीव ओवाळून टाकावा अशी, पण नारळाचं दूध नावाचंच दूध. त्यात कॅल्शियम नगण्य. हाडांसाठी काकीच्या वयाला दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं.

दुसरं म्हणजे तिची घाटी, म्हणजे दगडी पायऱ्यांची चढण. विहिरीपासून परड्यापर्यंतचे जांभ्याचे दगड, मधोमध पावलांनी झिजलेले. कमरेवर कळशी घेऊन ती रोज चढायची. हाडांवर भार पडला की ती टिकतात. पंप बसला, घाटीवर शेवाळ चढलं.

संध्याकाळी म्हटलं, "काकी, चल, विहिरीपर्यंत जाऊन येऊया."

"कित्याक? नळाक पाणी येता मा?"

काय सांगणार तिला?